आवृत्ती संपली, की गठ्ठे हलले?

स्वतःची कादंबरी स्वतःच छापणाऱ्या लेखकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. रडगाणी कमी आणि आनंदाची पत्रं जास्त, हे सुखद आहे. पुस्तक विकलं जातंय, वाचक फोन करतायत, ‘आता पुढे काय करू?’ असा बहुतेकांचा सूर आहे. ज्या पत्रांत आकडे होते, त्यांची उत्तरं लांब झाली आहेत. तसंच व्हायला हवं.

प्रश्न : मार्चमध्ये माझी 240 पानांची कादंबरी स्वखर्चानं छापली. 500 प्रती, किंमत 300 रुपये. पाच महिन्यांत घरात फक्त 11 प्रती उरल्यात! ‘पहिली आवृत्ती संपली’ अशी फेसबुक पोस्ट लिहून ठेवलीय. छापखान्याचे दर असे : हजार प्रती घेतल्या तर 78 रुपये प्रत, 500 ला 100 रुपये, डिजिटलवर 200 काढल्या तर 125 रुपये. हजारच घ्याव्यात ना? हिशेब सोबत जोडलाय. — सातारा

पेढे जरूर वाटा, पोस्ट मात्र दोन दिवस थांबवा. तुमच्याच हिशेबात लिहिलंय : हातोहात विकल्या 212, दुकानांत ठेवल्या 130, वितरकाकडे 90, भेट आणि परीक्षणासाठी 38, ग्रंथालयांना कायद्यानं पाठवलेल्या 4, बाइंडिंग सुटलेल्या वा कोपरे दुमडलेल्या 15, घरात 11. बेरीज बरोबर 500. पण दुकानांतल्या 130 पैकी पैसे आलेत फक्त 61 प्रतींचे. वितरकाकडून अजून काहीच हिशेब नाही. म्हणजे खात्रीनं विकल्या गेलेल्या प्रती 273. उरलेल्या 159 प्रती ‘विकेल तेवढ्याचे पैसे, राहील ते परत’ या बोलीवर बाहेर आहेत. त्यातल्या किती परत येतील हे आज ना तुम्हाला माहीत, ना दुकानदाराला.

273 हा आकडा लहान नाही. स्वतः छापलेल्या पहिल्या कादंबरीला पाच महिन्यांत इतके विकत घेणारे वाचक मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त गठ्ठे घरातून हलले म्हणजे पुस्तक विकलं गेलं असं नाही. मराठीतली बरीच दुसरी आवृत्ती याच घोळातून जन्माला येते आणि पहिलीचे परत आलेले गठ्ठे तिच्या शेजारी पलंगाखाली मुक्कामाला येतात.

आता तुमची थेट विक्री महिन्यानुसार बघा : 120, 48, 21, 14, 9. पहिला आकडा प्रकाशन समारंभाचा, म्हणजे नातेवाईक, सहकारी, गाव. दुसरा त्या समारंभाच्या फोटोंचा. खरी मागणी शेवटच्या दोन आकड्यांत दिसते. दिवाळीत आणि एखाद्या पुस्तकप्रदर्शनात ती वर जाईल, पण वर्षाला 200 च्या पुढे धरू नका.

वर्षात 200 खपल्या तर हजारातल्या 800 उरतात आणि 62,400 रुपये कागदाच्या रूपात घरात पडून राहतात. प्रतीमागे 47 रुपये वाचवण्याच्या नादात हे होतं. शिवाय जागा. डेमी (कादंबऱ्यांच्या नेहमीच्या) आकाराचं, 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावरचं 240 पानांचं पुस्तक साधारण 280 ग्रॅम भरतं. हजार प्रती म्हणजे 280 किलो, 40 प्रतींचा खोका धरला तर 25 खोके. ते जमिनीवर नकोत, लाकडी फळीवर हवेत, भिंतीपासून वीतभर लांब. साताऱ्याचा एक पावसाळा त्यांनी काढला तरी कडा लाटेसारख्या वाकतात आणि कसर लागते ती वेगळीच.

तेव्हा 200 डिजिटल प्रती काढा. मात्र 125 रुपयांची प्रत कुणाला द्यायची हे आधी ठरवा. 35 टक्के सवलतीनं दुकानाला दिली तर हातात 195 येतात, म्हणजे 70 उरतात. वितरकाला 50 टक्क्यांनी दिली तर 25 उरतात, आणि त्यात ने-आणीचा खर्च धरला की शून्य. म्हणून या 200 प्रती थेट वाचकांना आणि रोखीनं घेणाऱ्या दुकानांनाच. वितरकाकडच्या 90 प्रतींचा हिशेब आल्यावर 500 प्रती ऑफसेटवर, म्हणजे प्लेट करून मोठ्या संख्येनं छापण्याच्या पद्धतीनं, काढायचा विचार करा.

पुढे कधी ऑफसेटला गेलात तर कोटेशन तपासायची एक सोपी रीत आहे. 23 बाय 36 इंची तावातून डेमीची 32 पानं निघतात. 240 पानांना साडेसात ताव, 500 प्रतींना 3,750 ताव, म्हणजे 500 तावांची साडेसात रिमं. त्यावर तीन ते पाच टक्के वाया जाणारा कागद धरा. 70 जीएसएमचं असं रीम सुमारे 18.7 किलोचं असतं. कागद किती किलो लावलाय आणि काय भावानं, एवढं विचारा. उत्तर पटकन आलं तर छापखाना सरळ आहे.

प्रश्न : दुसऱ्यांदा छापताना नवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) घ्यावा लागेल का? मुखपृष्ठ बदलतेय, चाळीसेक शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करतेय. आणि याला ‘दुसरी आवृत्ती’ म्हणू की ‘पुनर्मुद्रण’? — परभणी

मजकूर तोच असेल, मुद्रणदोष तेवढे काढले असतील, तर ते पुनर्मुद्रण. मुखपृष्ठ बदललं म्हणून आयएसबीएन बदलत नाही. नवं प्रकरण घातलं, शेवट बदलला, तर ती दुसरी आवृत्ती आणि तिला नवा क्रमांक. पुठ्ठा बांधणीला वेगळा, ई-बुकला वेगळा. क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावानंही मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. मध्यस्थाच्या क्रमांकात प्रकाशक म्हणून त्याचंच नाव नोंदलं जातं, ही दुसरी अडचण.

श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशनाचे तपशील छापतात त्या पानावर, दोन ओळी ठेवा : ‘पहिली आवृत्ती’ आणि तिचा महिना-वर्ष, खाली ‘पुनर्मुद्रण’ आणि त्याचं. पहिली ओळ कधीही पुसू नका.

1954 च्या कायद्यानुसार चार ग्रंथालयांना (कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्ली) प्रत्येकी एक प्रत प्रकाशनापासून 30 दिवसांत स्वखर्चानं पाठवायची असते. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तर ही जबाबदारी त्याचीच. पहिल्या वेळी पाठवल्या असतील तर मजकूर न बदललेल्या पुनर्मुद्रणाला पुन्हा पाठवायच्या नाहीत.

चुका दुरुस्त करताना एक काळजी. शब्द लांबला की ओळ सरकते, ओळ सरकली की प्रकरणाच्या शेवटी एकटी ओळ नव्या पानावर जाते आणि पुढची सगळी पानं हलतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर फक्त तो शब्द बघू नका, प्रकरणाचं शेवटचं पान बघा.

प्रश्न : वाचकांची साठ-सत्तर पत्रं आणि व्हॉट्सॲप संदेश आलेत. काही फार सुंदर आहेत. नव्या छपाईत सुरुवातीला चार पानं ‘वाचक म्हणतात’ अशी घालायची इच्छा आहे. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र पाच पानांचं पत्र लिहून चुका काढल्यात, त्याचं काय करू? — चिपळूण

आधी चार पानांबद्दल. तुमचं पुस्तक 192 पानांचं आहे. फर्मा (एकत्र छापून घडी घालायचा पानांचा संच) 16 पानांचा, म्हणजे बरोबर 12 फर्मे. चार पानं वाढली की पाव फर्मा वाढतो. त्याची प्लेट वेगळी, घडी वेगळी, बांधणीत तो पातळ तुकडा वेगळा गोळा करावा लागतो. डिजिटलवर छापणार असाल तर हा त्रास नाही, तिथे पानागणिक पैसे. पण मुळात वाचक कादंबरी उघडतो ती कादंबरीसाठी. दारातच चार पानं कौतुक ऐकवलं तर तो बिचकतो. मलपृष्ठावर तीन वाक्यं पुरेत.

ती निवडताना ‘अप्रतिम’, ‘खाली ठेववत नाही’ ही बाजूला काढा. ती कुठल्याही पुस्तकाला चालतात. ज्या वाक्यात तुमच्या कादंबरीतली एखादी वस्तू, जागा किंवा पात्र आहे, ते घ्या. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांत एका बाईंनी लिहिलंय, ‘तरीच्या धक्क्यावरचा तो प्रसंग वाचला आणि आईचं लुगडं किती जड होत असेल भिजल्यावर, हे पहिल्यांदा कळलं.’ हेच वाक्य छापा. पुस्तकात काय आहे ते त्यातून कळतं.

परवानगी मात्र घ्यायची. पत्र तुम्हाला आलं असलं तरी त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. साधा संदेश पुरतो : ‘तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य नाव आणि गावासह मलपृष्ठावर छापू का?’ वाक्य पूर्ण लिहून विचारा, आलेला होकार जपून ठेवा. काहींना नाव नको असतं, मग ‘एक वाचक, गुहागर’ असं चालतं.

ऑनलाइन दुकानांत अभिप्राय लिहायला वाचकांना सांगा, पण घरच्यांना नको आणि फुकट प्रतीच्या बदल्यात तर नकोच. ॲमेझॉन असे अभिप्राय काढून टाकतं आणि कधी कधी त्यांच्यासोबत खरेही जातात.

आणि ते पाच पानी पत्र. साठ कौतुकांपेक्षा पुनर्मुद्रणाला त्याचा उपयोग जास्त आहे. वहीत तीन रकाने आखा : मुद्रणदोष, तथ्यदोष, मतभेद. पहिले सगळे दुरुस्त करा. दुसरे तपासून दुरुस्त करा. त्यांनी दाखवलेली भरती-ओहोटीच्या वेळेची चूक बरोबर असावी असं दिसतं. अमावास्येच्या आसपास कोकण किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास असते, तुमची होडी त्या वेळी चिखलात रुतलेली आहे. अमावास्येपासून अष्टमीपर्यंत ही वेळ रोज पाऊणएक तासानं पुढे जाते, तेव्हा प्रसंगाची तिथी बदला किंवा घटका बदला. तिसऱ्या रकान्यातल्यांना फक्त आभार माना. नव्या प्रतीवर सही करून त्यांना पाठवा, तुम्हाला कायमचा मुद्रितशोधक मिळेल.

प्रश्न : कादंबरी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली आहे. किंडलवर टाकण्यासाठी युनिकोडमध्ये बदलून घेतली, तर वाचक कळवतात की जागोजागी अक्षरं चुकलीत. ‘प्रशंसा करायला पत्र लिहिणार होतो, पण...’ असं एकानं लिहिलं. — नाशिक

बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी कळत नाही, हे धरूनच चालायचं. सगळ्यात मोठा घोटाळा अर्ध्या र चा. मराठीत तो दोन प्रकारे लिहितात : डोक्यावरचा रफार आणि ‘ऱ्या’ मधला आडवा. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन रीतींनी साधतो : नुक्ता असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र नंतर एक अदृश्य जोडखूण घालून. बदलताना किंवा नंतर वर्डमध्ये चिकटवताना ही अदृश्य खूण गळली की ‘वाऱ्याने’ चं ‘वार्याने’ होतं.

सरसकट ‘शोधा आणि बदला’ करून हे सुटत नाही, कारण दोन्ही रूपं बरोबर असू शकतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन होतं, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर जेवण. म्हणून ‘र्य’ शोधायचा आणि एकेक थांबून बघायचा. दोनशे पानांच्या कादंबरीत हे काम सहज एका संध्याकाळचं आहे. कार्य, सूर्य, धैर्य, मर्यादा, पर्याय यांना हात लावायचा नाही. दुसरा, तिसरा, म्हातारी, शेतकरी, किनारा, कोपरा, वारा यांची विभक्तीची रूपं सगळी तपासायची. ‘र्ह’ चंही तेच : ‘गर्हा’ आणि ‘गऱ्हाणं’ शेजारी शेजारी बघा. कऱ्हाड, तऱ्हा, वऱ्हाड हे नेहमीचे बळी.

यानंतर ‘ङ्म’ (वाङ्मय), ‘द्ध’, ‘द्व’, ‘ह्म’, ‘श्च’ आणि ‘ॲ’ हे क्रमानं शोधा. ‘ॲ’ एक सलग अक्षर म्हणूनही असतो आणि अ वर चंद्र ठेवूनही. दिसायला सारखे, पण वाचकाच्या शोधात एक सापडतो, दुसरा नाही. एकच ठेवा. अवतरणचिन्हं आणि विसर्गाच्या जागी आलेला अपूर्णविराम हे शेवटी.

प्रकरणांची नावं नुसती ठळक करून ठेवू नका, त्यांना हेडिंगची शैली द्या. तरच अनुक्रमणिकेतून उडी मारता येते. अपलोड करण्याआधी किंडलच्या प्रीव्ह्यूअरमध्ये फोनच्या पडद्यावर किमान तीन प्रकरणं सलग वाचा. लॅपटॉपवर सगळंच बरं दिसतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की हीच कादंबरी प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या ॲपवर क्रमशः चालू आहे. ही खरी काळजीची गोष्ट. केडीपी सिलेक्टमध्ये (ई-बुक फक्त ॲमेझॉनलाच देण्याच्या किंडलच्या योजनेत) नाव घातलं की 90 दिवस डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेही, अगदी स्वतःच्या ब्लॉगवरही, ठेवता येत नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन सिलेक्टमध्ये असाल तरच मिळतं, नाहीतर 35. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. प्रतिलिपीवर रोजचे वाचक बोलते असतील तर तिथे राहा आणि 35 टक्के घ्या. नसतील तर आधी भाग उतरवा, मग सिलेक्टची खूण करा. 90 दिवसांनी ते आपोआप पुढे चालू होतं, हेही लक्षात असू द्या.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी विकत घेतलेल्या प्रतींवर तिथला कर कापला जातो. करविषयक प्रश्नावलीत पॅन क्रमांक भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर 30 ऐवजी 15 टक्के.

प्रश्न : एक दुकानदार फोन करून सांगतो, ‘पुस्तक जोरात आहे, अजून 50 पाठवा.’ आधीच्या 40 चे पैसे मात्र दिलेले नाहीत. नाही म्हटलं तर विक्री थांबेल अशी भीती वाटते. — जळगाव

पुस्तक जोरात आहे तर पैसेही जोरात यायला हवेत. त्यांना नम्रपणे सांगा : ‘आधीच्या 40 चा हिशेब झाला की लगेच 15 पाठवतो.’ पन्नास नाही, पंधरा. लहान खेप, लवकर हिशेब. खरंच मागणी असेल तर दुकानदार 15 रोखीनं घेईल.

इथून पुढे प्रत्येक खेपेसोबत चलन दोन प्रतींत : तारीख, प्रती, किंमत, सवलतीचा टक्का, हिशेबाची मुदत (90 दिवस ठीक), आणि ‘खराब झालेल्या प्रती परत घेतल्या जाणार नाहीत’ ही ओळ. एका प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि सही घेऊन ती तुमच्याकडे. चलन नसेल तर सहा महिन्यांनी 40 चे 30 कधी झाले, हे दोघांनाही आठवत नाही.

प्रश्न : वाचक थेट मागवतात, पण कुरिअरच पुस्तकाच्या चौथ्या हिश्शाइतकं पडतं. रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं म्हणे? — वर्धा

हो, डिसेंबर 2024 मध्ये. 1 मे 2025 पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे : 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कमाल 5 किलोला 100 रुपये, कर वेगळा. पार्सल जमिनीवरच्या मार्गानं जातं, माग काढता येतो, वेळ मात्र लागतो. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, व्यापारी प्रकाशनं आणि नियतकालिकं चालत नाहीत. पुस्तकात मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. आत जाहिरातीचा कागद किंवा दरपत्रक घालू नका. कादंबरी सांस्कृतिक गटात धरतात का, हे पहिलं पार्सल घेऊन तुमच्या पोस्टातच विचारा.

खरी मेख 300 ग्रॅमची आहे. तुमचं पुस्तक 284 ग्रॅम. बुडबुड्यांचं वेष्टण, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांनी ते सहज 330 होतं आणि पुढच्या टप्प्यात जातं. पातळ प्लॅस्टिकची पिशवी (पावसासाठी ती हवीच) आणि वर एकपदरी तपकिरी कागद, एवढ्यात 300 च्या आत बसतं. कोपरे दुमडण्याचा धोका राहतो. दूरच्या पत्त्यावर पुठ्ठा घाला आणि वाढीव पैसे सोसा. घरात 500 रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवा, तो महिन्याभरात वसूल होतो.

प्रश्न : एका निर्मात्याला कादंबरी आवडली. पंधरा हजार देतो म्हणाले आणि एक पानी करार पाठवलाय : ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’. माझी पहिलीच वेळ आहे, आनंदानं सही करणार होते. — डोंबिवली

करू नका. आनंद तसाच राहू द्या.

हक्क एक गठ्ठा नसतो. चित्रपट, वेब मालिका, नाटक, ऑडिओ, अनुवाद हे वेगवेगळे विकता येतात. पंधरा हजार ही सगळ्यांची किंमत नाही, फार तर ‘राखून ठेवण्याची’ आहे. म्हणजे इतके महिने (12 किंवा 18) ही कादंबरी दुसऱ्या निर्मात्याला देणार नाही, एवढंच वचन. त्या मुदतीत त्यांनी काम सुरू केलं तर वेगळा करार, वेगळी रक्कम. मुदत संपली तर पैसे तुमचे, हक्कही तुमचे.

करारात काय नाही, हेही बघा. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते परत येतात. 2012 च्या दुरुस्तीनं आणखी एक कवच दिलंय : करार करताना अस्तित्वात किंवा वापरात नसलेलं माध्यम स्पष्ट नाव घेऊन लिहिलं नसेल तर त्यात येत नाही. पण ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सध्याची व भविष्यातली सर्व माध्यमे’ असं लिहून सही केली की यातली बरीच कवचं तुम्हीच उतरवून ठेवता. म्हणूनच असले शब्द तिथे असतात.

उत्तरात एवढंच कळवा : फक्त चित्रपट, फक्त मराठी, 12 महिन्यांपुरतं राखून ठेवणं, श्रेयनामावलीत ‘मूळ कादंबरी’ म्हणून नाव, बाकी सर्व हक्क लेखिकेकडे. मग वकिलाला दाखवा. ऑडिओ तर हातचा मुळीच सोडू नका. कादंबऱ्यांना तिथे श्रोता आहे आणि तो करार वेगळा होतो.

प्रश्न : पुस्तकं विकायला जीएसटी क्रमांक लागतो का? प्राप्तिकरात लेखकांना सूट असते असं ऐकलंय. — पणजी

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. फक्त पुस्तकंच विकत असाल तर नोंदणी लागत नाही, मोठी ऑनलाइन दुकानंही केवळ पुस्तकं विकणाऱ्याला पॅनवर खातं उघडू देतात. सोबत सही केलेले मग किंवा पिशव्या विकायला लागलात की चित्र बदलतं.

तीन लाखांपर्यंतची वजावट रॉयल्टीवर आहे आणि तीही जुनी कररचना निवडली तर. स्वतः छापून स्वतः विकलेल्या पुस्तकाचा नफा म्हणजे रॉयल्टी नव्हे, तो धंद्याचा नफा. तिथे छपाई, मुखपृष्ठकाराचं मानधन, टपाल, प्रदर्शनाचं भाडं हे खर्च वजा होतात, म्हणून पावत्या ठेवा. किंडलची आणि निर्मात्याकडची रक्कम वेगळ्या रकान्यात.

प्रश्न : माझ्या कादंबरीची पीडीएफ टेलिग्रामवर फिरतेय. मित्र म्हणतात, ‘कौतुकच समज, नाहीतर कोण चोरतंय!’ — लातूर

मित्रांना एकेक प्रत विकत घ्यायला सांगा.

चॅनलचा दुवा, फाइलचं नाव, सभासदसंख्या आणि तारीख दिसेल असा पडद्याचा फोटो काढा. मग टेलिग्रामच्या कॉपीराइट तक्रारीच्या ईमेलवर लेखी नोटीस : कृतीचं नाव, तुम्ही हक्कदार असल्याचा पुरावा (श्रेयपान आणि आयएसबीएन पुरतं, कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही), नेमका दुवा, आणि मुदतीत न्यायालयात जाण्याची हमी. भारतीय नियमांप्रमाणे नोटीस मिळाल्यापासून 36 तासांत मध्यस्थानं (इथे टेलिग्रामनं) मजकूर रोखायचा असतो, आणि 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश नाही आला तर तो पुन्हा खुला करता येतो. प्रत्यक्षात बहुतेक चॅनलवाले पुन्हा टाकायच्या भानगडीत पडत नाहीत, दुसरं पुस्तक शोधतात.

पीडीएफ आली कुठून तेही बघा. पानांवर कापण्याच्या खुणा दिसत असतील तर ती छापखान्यातून किंवा मांडणी करणाऱ्याकडून गेलेली आहे. बोटांच्या सावल्या आणि वाकडी पानं असतील तर कुणीतरी घरी बसून फोटो काढलेत. यापुढे परीक्षणासाठी पीडीएफ पाठवताना प्रत्येक प्रतीच्या तळटिपेत घेणाऱ्याचं नाव फिकट अक्षरांत घाला.

प्रश्न : राज्य पुरस्काराला पुस्तक पाठवायचं आहे. डिसेंबरअखेर छापून तयार होईल. जानेवारीत प्रकाशन. कुठलं वर्ष धरतात? — अकोला

यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी कॅलेंडर वर्षातली पहिली आवृत्ती बघतात, आणि ती श्रेयपानावर छापलेल्या तारखेवरून. समारंभ कधी झाला याला महत्त्व नाही. डिसेंबर छापलंत तर वर्ष दहा दिवसांत संपेल, अर्जाच्या मुदतीसाठी धावपळ होईल आणि परीक्षणं यायच्या आत पुस्तक ‘गेल्या वर्षीचं’ होईल. जानेवारी छापा. पहिलीच कादंबरी असेल तर प्रथम प्रकाशनाच्या विभागात अर्ज करा, तिथला कादंबरीचा पुरस्कार श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा आहे. अर्जाला जोडायच्या प्रती पहिल्याच छपाईतून बाजूला काढून ठेवा. सगळ्या विकून टाकल्या आणि पाठवायला फक्त पुनर्मुद्रण उरलं, अशी गोड अडचण दरवर्षी कुणाची तरी होते.